काळी जहाजं, इवलीशी आगगाडी आणि पुसलेला झेंडा

आग लागली! समुद्रात आग लागली!

तारीख ८ जुलै १८५३. जपानच्या किनाऱ्यावरच्या उरागा गावात असाच काहीसा गोंधळ उडाला असणार. समोरून चार काळीकुट्ट जहाजं येत होती. त्यांतल्या दोघांच्या डोक्यावरून धुराचे लोट निघत होते. आणि शिडं? ती तर उभारलेलीच नव्हती!

शिडं नाहीत, वल्ही नाहीत. मग जहाज पुढे सरकतं कसं? ओळख बघू!

वाफेवर! जहाजाच्या पोटात कोळशाची भट्टी, भट्टीवर पाणी, पाण्याची वाफ. ती वाफ दोन्ही अंगांची भलीमोठी चाकं गरागरा फिरवायची. उरलेली दोन जहाजं बिचारी साधी, शिडाची. वाफेच्या जहाजांनी त्यांना दोर बांधून चक्क ओढत आणलं होतं!

उरागाच्या लोकांनी असलं काही पाहिलंच नव्हतं. पाहणार कुठून? दोनशेहून जास्त वर्षं जपानने आपली दारं जवळजवळ बंदच ठेवली होती. युरोपातल्या फक्त डच व्यापाऱ्यांना यायची मुभा होती. तीही कुठे? नागासाकीच्या बंदरात भर घालून मुद्दाम तयार केलेल्या एका बेटावर. पंख्याच्या आकाराचं, एवढंसं बेट! पाच-दहा मिनिटांत चालून फेरी पुरी होईल. त्या बेटाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी हवी.

आणि आता ही काळी जहाजं दाराशी उभी! ती होती अमेरिकेची. त्यांचा प्रमुख होता मॅथ्यू पेरी नावाचा नौदल अधिकारी. त्याच्याकडे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं पत्र होतं. पत्राची भाषा मोठी गोड. आपण मैत्री करू, व्यापार करू, आमच्या जहाजांना कोळसा भरू द्या, आमचे खलाशी वादळात सापडून तुमच्या किनाऱ्याला लागले तर त्यांना सांभाळा.

पत्र गोड, पण जहाजांवर तोफा होत्या! उत्तर न्यायला पुढच्या वर्षी येतो म्हणून पेरी गेला आणि फेब्रुवारी १८५४ मध्येच परत हजर झाला. या खेपेला जहाजं दुप्पट. जपानने मुकाट्याने करारावर सही केली.

पण थांब, सहीच्या आधीची एक धमाल तुला सांगायलाच हवी! पेरीने भेटवस्तू आणल्या होत्या. त्यांत काय होतं ठाऊक आहे? एक खरीखुरी आगगाडी! वाफेच्या इंजिनाची, रुळांसकट. फक्त आकाराने खऱ्या गाडीच्या चौथाई. समुद्रकाठी गोल रूळ मांडले, इंजिन पेटवलं आणि शिट्टी मारत गाडी निघाली. पण डबा इतका छोटा, की त्यात सहा वर्षांचं पोरही जेमतेम मावलं असतं. मग बसायचं कसं?

एक जपानी अधिकारी चढला सरळ टपावर! अंगात घोळदार झगा, हातांनी टपाची कड घट्ट धरलेली, आणि गाडी गोल गोल पळतेय. ताशी बत्तीस किलोमीटर! झगा वाऱ्यावर फडफडतोय आणि साहेब खूश! अमेरिकनांनी हे सगळं लिहून ठेवलंय, म्हणून तर आपल्याला कळलं.

जपाननेही आपला हिसका दाखवला बरं का. त्यांनी बोलावले सुमो पहिलवान. ते डोंगराएवढे गडी अमेरिकनांना दिलेली तांदळाची पोती अशी उचलत होते, जणू उश्याच. एकाने तर पोतं दातात धरून नेलं!

हसून झालं? आता त्या काळातल्या करारांकडे बघू. ते मात्र हसण्यासारखे नव्हते. पहिल्या करारापाठोपाठ १८५८ मध्ये आणखी करार झाले. अमेरिकेशी, ब्रिटनशी, फ्रान्सशी, रशियाशी, हॉलंडशी. त्यात दोन कलमं फार जाचक होती. एक, परदेशातून येणाऱ्या मालावर किती जकात लावायची हे जपानने एकट्याने ठरवायचं नाही. दोन, एखाद्या परदेशी माणसाने जपानमध्ये गुन्हा केला, तर त्याचा न्याय जपानचा न्यायाधीश करणार नाही. त्याच्या देशाचा जपानमधला दूत करणार!

हे किती अन्यायाचं आहे, लक्षात येतंय का? समज, तुम्ही पाचवीतली मुलं मैदानावर क्रिकेट खेळताय. आठवीतली धटिंगण मुलं येतात. म्हणतात, आम्ही पण खेळणार. बॅट कोणती वापरायची ते आम्ही सांगणार. आणि आमचा गडी आउट आहे की नाही, ते आमचाच पंच ठरवणार! सांग, असला खेळ चालेल तुला?

जपानलाही चालला नाही. पण आठवीच्या मुलांशी भांडणार कसं? त्यांच्याकडे तर तोफा होत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घे. तेव्हा जपानमध्ये दोनशे साठहून जास्त छोटी-मोठी संस्थानं होती. प्रत्येकाचा सरदार वेगळा, फौज वेगळी. दक्षिणेतल्या सात्सुमाच्या शेतकऱ्याला विचारलं असतंस, ‘तू कुठला?’ तर तो म्हणाला असता, ‘सात्सुमाचा!’ आपण सगळे जपानी, आपला देश एक, हा विचार त्याच्या मनात फारसा यायचाच नाही.

काळ्या जहाजांनी हा विचार जागा केला! बाहेरचा कोणी अंगावर आला, की घरातली भावंडं कशी एकदम एका बाजूला होतात, अगदी तसंच. आपण एक आहोत, आपल्या देशाचा कारभार आपणच बघायचा, ही जी भावना, तिला मोठी माणसं राष्ट्रवाद म्हणतात.

आणि मग काय विचारतोस! जपानने झपाटा लावला. १८६८ मध्ये जुनं सरकार गेलं, सम्राट मेजी यांच्या नावाने नवं आलं. १८७१ मध्ये संस्थानं बरखास्त. १८७२ मध्ये गावोगावी शाळा काढायचा कायदा. त्याच वर्षी तोक्यो ते योकोहामा खरी आगगाडी धावली. टपावर बसून फेरी मारली, त्याला अजून वीस वर्षंही झाली नव्हती! (आपली मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. म्हणजे पेरी उरागाला पोचण्याच्या तीनच महिने आधीची! पण आपली गाडी आणली इंग्रजांनी, त्यांच्या सोयीसाठी. जपानने इंजिनियर इंग्लंडचे बोलावले, पण गाडी काढली ती स्वतःच्या सरकारने.)

शिकायचं ते मोठ्या देशांकडूनच, असं ठरलं. १८७१ च्या अखेरीस मंत्री, अधिकारी आणि विद्यार्थी असे शंभरावर लोक बोटीत बसून जग बघायला निघाले. त्यांत पाच मुलीही होत्या. सगळ्यात धाकटी किती वर्षांची असेल? सांग, सांग!

सहा! तिचं नाव त्सुदा उमे. सहा वर्षांची पोर आईबाबांना सोडून अमेरिकेला गेली आणि अकरा वर्षं तिकडेच राहिली. परत आली तेव्हा स्वतःची जपानी भाषाच विसरली होती! पुन्हा शिकावी लागली. पुढे १९०० मध्ये तिने मुलींसाठी शाळा काढली. आज जपानच्या पाच हजार येनच्या नव्या नोटेवर तिचं चित्र आहे.

त्याच दौऱ्यातली मोठी माणसं मात्र वेगळाच धडा घेऊन आली. जर्मनीत त्यांना बिस्मार्क भेटला. जर्मनीचा सगळ्यात दबदब्याचा नेता. जेवणाच्या टेबलावर त्याने पाहुण्यांना सांगितलं, की मोठे देश नियम पाळतात ते फायद्याचं असेल तोवर. नसेल तेव्हा सरळ तोफा काढतात. आपल्याकडे म्हणतात ना, बळी तो कान पिळी!

जपानी पाहुणे विचारात पडले. आपले कान पिळले जाऊ नयेत तर काय करायचं? बळकट व्हायचं. इथवर ठीक. पण मग पुढचा विचार आला. बळकट झालो हे जगाला कळणार कसं?

१८७५ साल. समुद्रकिनारा. बाहेरची एक युद्धनौका न विचारता किनाऱ्याजवळ येते. किल्ल्यावरून तोफ डागली जाते. नौका उलट तोफा डागून किल्ल्याची दाणादाण उडवते. काही महिन्यांनी आणखी जहाजं येतात. घाबरलेला देश करारावर सही करतो. तीन बंदरं खुली करायची. आणि बाहेरून आलेल्या माणसाने गुन्हा केला, तर न्याय त्याचाच देश करणार!

हे तर आधी ऐकलंय, म्हणशील. जपानचीच गोष्ट ना?

नाही! हा किनारा कोरियाचा. आणि ती युद्धनौका होती जपानची!

काय, चाट पडलास ना? की पडलीस? मीही पडलो होतो. गांगह्वा नावाच्या बेटाजवळ हे घडलं आणि १८७६ मध्ये करार झाला. पेरी येऊन जेमतेम तेवीस वर्षं झाली होती. ज्या कलमाने जपानचा जीव जळत होता, तेच कलम जपानने कोरियाच्या गळ्यात घातलं. आणि गंमत बघ, जपानच्या स्वतःच्या गळ्यातलं कलम अजून निघालेलंच नव्हतं! ते निघालं १८९९ मध्ये. आठवीची मुलं पाचवीवाल्यांना दटावतायत आणि पाचवीवाले वळून तिसरीच्या मुलाची बॅट हिसकावतायत!

दुसऱ्याच्या देशावर अशी हुकमत गाजवणं, त्याची जमीन, बंदरं, कारभार ताब्यात घेणं, याला साम्राज्यवाद म्हणतात. इंग्रज आपल्याकडे करत होते, तेच.

आता तू म्हणशील, हे तर उलटंच झालं! स्वतःच्या देशावर प्रेम करणाऱ्यांना दुसऱ्याचं देशप्रेम कळायला नको का? कळायला हवं होतं. पण तेव्हाच्या जपानी नेत्यांच्या डोक्यात दोन किडे वळवळत होते. एक भीतीचा. आपण कोरिया घेतला नाही तर रशिया घेईल आणि मग आपल्या उशाशी येऊन बसेल. दुसरा मोठेपणाचा. ज्याच्याकडे वसाहती, तोच पहिल्या रांगेतला देश, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. जर्मनी एकसंध देश झाला १८७१ मध्ये. १८८४ मध्ये त्याने आफ्रिकेत जमिनी बळकावायला सुरुवातही केली! इटलीचं तेच. कालपर्यंत परक्यांच्या जाचातून सुटायला धडपडणारा इटली थेट इथिओपियावर चालून गेला. १८९६ मध्ये अदवाच्या लढाईत इथिओपियाने त्याला असा धुतला, की बस्स!

जपानची गाडी मात्र सुसाट होती. १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान घेतलं. १९०४ मध्ये गाठ पडली थेट रशियाशी. आणि मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं!

आशियातल्या देशाने युरोपातल्या एवढ्या मोठ्या सत्तेला लोळवलं! आपल्याकडे काय आनंद झाला म्हणून सांगू! लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त जपानवर लेख येत होते. जवाहरलाल नेहरू तेव्हा पंधरा वर्षांचे होते, शिकायला इंग्लंडला चालले होते. लंडनच्या गाडीत त्यांनी त्सुशिमाची बातमी वाचली आणि स्वारी खूश झाली. जपान करू शकतो तर आपण का नाही? महर्षी कर्व्यांनी तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचली आणि १९१६ मध्ये आपल्याकडे मुलींसाठी विद्यापीठ सुरू केलं. पुण्या-मुंबईतलं आजचं एसएनडीटी ते हेच!

मग जपानमध्ये तर दिवाळीच झाली असेल ना? युद्ध जिंकलेले लोक काय करतील? नाचतील, पेढे वाटतील?

चूक! त्यांनी दंगल केली!

अगदी खरं सांगतोय. सप्टेंबर १९०५. तह झाला, पण रशियाने नुकसानभरपाई म्हणून एक पैसाही दिला नाही. रशियाच्या स्वतःच्या जमिनीपैकी साखालिन बेटाचा अर्धा भाग तेवढा मिळाला. तोक्योतले लोक भडकले. एवढे कर भरले, एवढी मुलं लढाईत गेली, आणि मिळालं काय तर अर्धं बेट? हिबिया बागेत सभा भरली आणि मग शहरभर पोलीस चौक्या पेटल्या.

मला या सगळ्या गोष्टीत हाच प्रसंग सगळ्यात नवलाचा वाटतो. आपल्याला वाटतं, साम्राज्य राजेलोकांना आणि सेनापतींना हवं असतं. साध्यासुध्या दुकानदाराला, हमालाला त्याचं काय? पण इथे साधीसुधी माणसंच सरकारला दटावत होती, की आणखी का नाही घेतलं! शाळेत शिकवलेलं, वर्तमानपत्रात वाचलेलं ‘माझा देश’ आता त्यांच्यासाठी ‘माझा देश, सगळ्यांच्या वर’ झालं होतं.

आणि ज्या विजयाने आपल्या लोकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, त्याच विजयानंतर कोरियाचं काय झालं? नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानी सैनिकांनी राजवाड्याला वेढा घातला आणि कोरियाचा परराष्ट्र कारभार काढून घेतला. कोरियाच्या सम्राटाने १९०७ मध्ये हॉलंडमधल्या हेग शहरी तीन दूत पाठवले, अगदी गुपचूप. तिथे जगभरच्या देशांची शांतता परिषद भरली होती. पण दूतांना आतच घेतलं नाही! उलट जपानने सम्राटालाच गादीवरून उतरवलं. आणि २९ ऑगस्ट १९१० ला कोरिया नावाचा देश नकाशावरून नाहीसा झाला.

१९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. स्टेशनवर तोबा गर्दी, फुलं, सत्कार! पण त्यांनी भाषणात सांगितलं, की युरोपाकडून दुसऱ्याला गिळायची ही हाव तेवढी घेऊ नका. झालं! गर्दी आटली. निरोपाच्या वेळी मोजकीच माणसं होती.

आता कोरियात काय झालं असेल, ओळख. आठव, काळ्या जहाजांनी जपानमध्ये काय जागं केलं होतं? अगदी तेच! जपानने जितकं दाबलं, तितकं कोरियन लोकांना वाटू लागलं, आपण एक आहोत.

१ मार्च १९१९. सोलच्या एका बागेत एका विद्यार्थ्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचला. बघता बघता रस्ते भरले. कोणाच्या हातात हत्यार नाही. फक्त घोषणा, ‘मानसे!’ म्हणजे आपला देश दहा हजार वर्षं जगो!

सरकारने शाळा बंद केल्या. सोळा वर्षांची यू ग्वान-सून शाळेतून गावी परतली. पण गप्प बसेल तर ती कसली! १ एप्रिलला गावच्या बाजारात तिने लोकांना झेंडे वाटले आणि घोषणा दिल्या. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिचे आईवडील त्यात गेले. तिला पकडलं. तुरुंगातही तिच्या घोषणा थांबल्या नाहीत. तिथेच तिचा मृत्यू झाला. कोरियातल्या प्रत्येक मुलाला तिचं नाव ठाऊक असतं.

जरा तारखा बघ. ११ एप्रिल १९१९ ला शांघायमध्ये कोरियन लोकांनी आपलं हंगामी सरकार स्थापन केलं. आणि दोनच दिवसांनी, १३ एप्रिलला, आपल्या अमृतसरमध्ये जालियनवाला बाग घडलं. साम्राज्यं दोन वेगळी, एक इंग्रजांचं, एक जपान्यांचं. वसंत ऋतू मात्र एकच!

आता चल बर्लिनला, १९३६ च्या ऑलिम्पिकला! मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटरहून जास्त पळायचं. तेवीस वर्षांचा एक मुलगा सगळ्यांना मागे टाकून स्टेडियममध्ये शिरला. दोन तास एकोणतीस मिनिटं, ऑलिम्पिकचा नवा विक्रम! छातीवर जपानचा झेंडा. जपानचं राष्ट्रगीत वाजलं.

पण विजेता खाली बघतोय. हसतच नाहीये!

कारण तो जपानी नव्हताच. तो होता कोरियन, सोन की-चुंग. कोरिया देशच नव्हता, मग पळणार कोणाकडून? नावसुद्धा जपानी पद्धतीने ‘सोन कितेई’ लिहिलं होतं. तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियन. त्याचीही मान खाली. जिंकणाऱ्याला ओकचं छोटं रोप देत असत. सोनने ते रोप असं छातीशी धरलं, की झेंडा झाकला जावा. नाम पुढे म्हणायचा, मला त्याच्या सोन्याच्या पदकाचा हेवा वाटला नाही, त्या रोपट्याचा वाटला! तिसऱ्याला रोप नव्हतं ना.

कोरियात फोटो पोचला. ‘दोंगा इल्बो’ नावाच्या वर्तमानपत्राने तो छापला. पण त्यात काहीतरी कमी होतं. काय?

छातीवरचा झेंडा! छापण्याआधी त्यांनी तो पुसूनच टाकला! आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हता हं, फोटोवर हाताने केलेलं काम. सरकार खवळलं. पत्रकारांना पकडलं, पेपर कित्येक महिने बंद.

आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये आपली हॉकीची टीम होती! कप्तान ध्यानचंद. त्यांनाही इंग्रजांच्या राज्यातला झेंडा घेऊन चालावं लागलं. मग अंतिम सामन्याआधी त्यांनी काय केलं? कपडे बदलायच्या खोलीत कोणीतरी लपवून आणलेला तिरंगा बाहेर काढला. सगळ्यांनी त्याला सलाम केला, मैदानात उतरले आणि जर्मनीला ८-१ असं हरवलं!

तो दिवस होता १५ ऑगस्ट. थांब, ही तारीख पुन्हा येणार आहे.

कोरियावरचा फास आणखी आवळत गेला. शाळांमधून कोरियन भाषा हद्दपार झाली. १९४० पासून घरोघरी जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली. कल्पना कर, उद्या वर्गात हजेरी घेताना बाई तुझं आडनावच बदलून हाक मारतायत!

पण काही माणसं भलतंच काम करत बसली होती. शब्दकोश! कोरियन भाषा अभ्यास मंडळाने १९२९ पासून शब्द गोळा करायला घेतले होते. गावोगावचे लोक आपल्याकडचे शब्द लिहून पाठवायचे. तेरा वर्षांत पानांचा ढीग झाला. १९४२ मध्ये पोलिसांची धाड पडली. मंडळाच्या लोकांना अटक, हस्तलिखित जप्त. दोन अभ्यासकांचा तुरुंगातच अंत झाला. शब्दकोश कुठे गेला, कोणालाच पत्ता नाही.

आणि मग १५ ऑगस्ट १९४५! दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती जाहीर केली. कोरिया मोकळा झाला. म्हणून त्यांचाही स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्ट! आणि हा नुसता योगायोग नाही बरं. भारत सोडायची तारीख ठरवताना व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी जपानच्या शरणागतीला दोन वर्षं पुरी होण्याचाच दिवस निवडला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. म्हणजे आपल्या झेंडावंदनाची तारीख ठरली ती जपानमुळे!

शब्दकोशाचं काय झालं? सप्टेंबर १९४५ मध्ये सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात कोणीतरी जुनी खोकी उघडली. आत पानंच पानं! पोलिसांनी खटल्याचा पुरावा म्हणून रेल्वेने पाठवलेलं हस्तलिखित गोदामात धूळ खात पडलं होतं. १९४७ मध्ये पहिला खंड छापून निघाला, आणि १९५७ पर्यंत सगळे सहा!

कोरियाची पुढची गोष्ट साधी नाही. मोकळा झाला तो दोन तुकडे होऊनच, उत्तर आणि दक्षिण. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पण सोन की-चुंग आठवतायत ना? १९८८ मध्ये ऑलिम्पिक सोललाच भरलं. मशाल घेऊन स्टेडियममध्ये शिरले ते पंचाहत्तरी ओलांडलेले सोन आजोबा! चालत नाही, धावत! उड्या मारत! आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ह्वांग योंग-जो या कोरियन धावपटूने मॅरेथॉन जिंकली, तेव्हाही आजोबा बघायला हजर होते. तारीख होती ९ ऑगस्ट. सोन जिंकले होते तीच! दुसरा आला जपानचा धावपटू, तोही अगदी थोडक्यात मागे.

एक गोष्ट मात्र तशीच राहिलीये. ऑलिम्पिकच्या अधिकृत यादीत १९३६ च्या मॅरेथॉनचं सुवर्णपदक आजही जपानच्या नावावर आहे. कोरियन लोक म्हणतात, दुरुस्ती करा. ऑलिम्पिकवाले म्हणतात, तेव्हा नोंद झाली तशीच राहणार. कोरियन नाव आणि खरी हकिगत आम्ही माहितीत दिली आहे. तुला काय वाटतं, यादी बदलावी का? ताई-दादाशी, आजीशी यावर कडाडून भांड आणि काय ठरलं ते आम्हाला पत्राने कळव!